माईककाकूंचा चढता आकडा

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. घरातले सगळे मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा, त्याला जोडलेली रबरी नळी आणि आकडे दाखवणारी छोटीशी काच, एवढाच माझा संसार. पट्ट्यात हवा भरून मी दंड आवळते, मग हळूहळू सोडते, आणि त्या वेळात जे जाणवेल ते काचेवर मांडून मोकळे होते.

माझ्या आयुष्यात एक काळ असा आला की माझ्या आकड्यांवर कोणाचाच विश्वास उरला नाही. खरे सांगायचे तर माझाही उरला नाही. त्या काळाची ही गोष्ट आहे. सांगताना मी मध्येच अडखळले तर समजून घ्या. तिच्यातले बरेच काही मला आजही नीट उमगलेले नाही.

माझा जन्म एका लांबट, थंड खोलीत झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका तिथे ओळीने बसत. कोणी पट्टा शिवी, कोणी नळी बसवी. शेवटच्या टेबलावरची बाई सर्वांत कडक होती. ती प्रत्येक यंत्र एका मोठ्या यंत्राला जोडून बघे आणि दोघांच्या आकड्यांत जरा जास्त फरक दिसला की त्याला बाजूच्या पेटीत टाकून देई. माझी पाळी आली तेव्हा भीतीने माझी हवाच गळते की काय असे वाटले. पण तिने नुसती मान हलवली आणि मला खोक्यात घातले. ती मान हलवणे म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

पुढे औषधांच्या दुकानातल्या कपाटात मी बराच काळ काढला. शेवटी एका मुलीने मला आपल्या आईसाठी विकत घेतले. तिची आई मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचे हरवलेले मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसले आहे, हे सगळे तिच्या आवाजातून साऱ्या स्थानकाला कळे. ड्रायव्हर, कंडक्टर आणि रोजचे प्रवासी तिला माईककाकू म्हणत. स्थानकावर झालेल्या एका तपासणीत काकूंचा रक्तदाब जास्त निघाला होता. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी घ्यायला एक छोटी पांढरी गोळी दिली आणि घरी अधूनमधून मोजत जा, असे सांगितले. म्हणून मी त्या घरात आले.

ते माझे चांगले दिवस होते. काकूंचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. जगातली कुठलीही काच पुसल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यामुळे माझी काच नेहमी लखलखीत असायची. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते मला काकूंच्या दंडाला बांधत आणि म्हणत, "अगं, एवढा वेळ तरी गप्प बस." गप्प बसणे काकूंना फार जड जाई. पट्टा सैल झाला रे झाला की त्या घोषणेच्या आवाजात म्हणत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. एकशे अठ्ठावीसची गाडी आज वेळेवर आहे." काका हसू दाबत आणि माझी काच उगाच पुन्हा एकदा पुसत.

शेजारपाजारचे लोकही दंड पुढे करून येत. माझे आकडे डॉक्टरांच्या आकड्यांशी जुळत, म्हणून सगळे मला नावाजत. त्या नावाजण्याने मी थोडे फुगले होते, हे मान्य करते. हवा भरण्याचा धंदाच माझा, त्याला काय करणार.

मग काकूंचा आवाज बसला.

त्यांची काचेची खोली फलाटांच्या अगदी डोक्यावर होती. खाली गाड्या सुरू उभ्या असत आणि धूर खिडकीच्या फटीतून वर येई. वर्षानुवर्षे तो धूर गिळून त्यांचा घसा खरवडून निघाला होता. एका दुपारी घोषणा करता करता त्यांचा आवाज मध्येच फाटला आणि रांगेतले काही जण हसले. संध्याकाळी घरी येऊन त्या बराच वेळ पाय धुवत बसल्या. मग काकांना म्हणाल्या, "आज साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, काकू, बाकीकडे आता यंत्रातून आवाज येतो. तुम्ही खाली पार्सलच्या खोलीत बसा, तेवढाच आराम."

"मग बरंच आहे की," काका म्हणाले.

"अहो, मला आराम नकोय. मला आवाज हवाय."

दुसऱ्या दिवशी त्या एका वैद्यबाईंकडे गेल्या. वैद्यबाईंनी नाडी बघितली, घसा बघितला आणि ज्येष्ठमधाचे चूर्ण मधातून चाटायला दिले. थोडे दिवस घ्या, मग मला परत येऊन भेटा, असेही बजावले. घशाला ज्येष्ठमध खरेच मानवला. काकूंचा आवाज मोकळा झाला, पार्सलच्या खोलीचा विषय मागे पडला आणि घरात पुन्हा गाड्यांच्या घोषणा ऐकू येऊ लागल्या.

आवाज परत आला, पण काकू वैद्यबाईंकडे परत गेल्या नाहीत. चूर्ण संपले तेव्हा त्यांनी दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. एक काडी कायम त्यांच्या गालात असे. शिवाय त्याच मुळाचा काढा करून थर्मासमध्ये भरून त्या कामावर नेत आणि दिवसभर घोट घोट पीत. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. चहा सुटला म्हणून काका तर खूशच झाले.

आणि मित्रांनो, माझे आकडे चढू लागले.

आधी थोडे, मग बरेच. काकांनी चष्मा पुसला, माझी काच पुसली आणि पुन्हा पट्टा बांधला. आकडा तोच. त्यांनी माझे सेल बदलले, उजव्याऐवजी डावा दंड घेतला, काकूंना पाठ टेकून बसायला लावले. आकडा हटेना. मग त्यांनी मला स्वतःच्या दंडाला बांधले. तिथे मी अगदी शहाण्यासारखा आकडा दाखवला. शेजारच्या आजोबांवरही नेहमीचाच आला. पुन्हा काकूंकडे आले की आकडा वर.

"हे बिघडलंय," काका म्हणाले.

"माझ्यापुरतंच कसं बिघडेल?" काकूंनी विचारले. काकू गोळी चुकवत नव्हत्या, मीठ बेताने खात होत्या, आवाज परतल्यामुळे मजेत होत्या. मग हा आकडा येत होता कुठून? माझ्या नळीला बारीक भोक पडले असेल का, की मोजायचे कसे तेच मी विसरत चालले होते? मी प्रत्येक वेळी जास्त काळजीने दंड आवळू लागले. त्याने काकूंचा दंड तेवढा दुखायचा.

लेकीने फोनवर सांगितले, "आई, ते मशीन जुनं झालंय. त्याच्या नादी लागून टेन्शन घेऊ नकोस." झाले. मला गुंडाळून कपाटात, जुन्या स्वेटरांच्या खाली ठेवून दिले. तिथल्या अंधारात मी स्वतःवरच रुसून पडून राहिले. आपले काय चुकले हे न कळता शिक्षा भोगणे फार वाईट असते.

बाहेर काय चालले होते ते मला कपाटाच्या दारातून ऐकू येई. काकूंचे डोके दुखत होते. संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, असे त्या काकांना सांगत. शेवटी काका मला पिशवीत घालून त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी आधी स्वतःच्या यंत्राने मोजले, मग माझ्याने. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. "तुमचं मशीन ठीक आहे," ते म्हणाले. "बीपीच वाढलंय."

माझ्या जिवात जीव आला. पण लगेच वाटले, अरे, माझे बरोबर ठरणे म्हणजे काकूंचे बिघडणे. यात आनंद मानायचा की दुःख, हे काही मला ठरवता येईना.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरांनी विचारले.

"एकही नाही," काकू म्हणाल्या.

"दुसरं काही औषध घेता?"

"छे. एवढी एक गोळीच पुष्कळ झाली मला."

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाहेर लोक ताटकळत होते. त्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली. लघवीवाटे शरीरातले जास्तीचे पाणी आणि मीठ काढणारी ती गोळी होती. पुढच्या आठवड्यात रक्त तपासायला या, असे सांगून ते म्हणाले, "तोपर्यंत दुपारी कामावरही बीपी मोजत जा." त्यामुळे माझी रवानगी काकूंच्या पर्समध्ये झाली आणि काचेची ती खोली मला पहिल्यांदा बघायला मिळाली. टेबल, माईक, त्याचे लाल बटण, थर्मास, आणि खाली मुंग्यांसारखी माणसे.

नव्या गोळीने सूज ओसरली, पण काकूंच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. खोलीकडे जाणारा जिना चढताना त्या कठड्याला धरून थांबत. माझ्या काचेवर एक नवीनच प्रकार सुरू झाला. छातीचे ठोके चुकतमाकत पडत असतील तर लुकलुकणारे एक बदामाचे चिन्ह माझ्यात बसवलेले आहे. ते आजवर कधी पेटले नव्हते. आता ते अधूनमधून लुकलुकू लागले.

"हे काय नवीन?" असे म्हणून काकूंनी मला टेबलावर दोनदा आपटले.

त्यांना मी काय सांगणार? मला तरी कुठे कळत होते? एक गोळी होती तेव्हा बरे होते. दोन झाल्या तर जास्त बरे व्हायला हवे होते. निदान माझ्या हिशेबाने तरी.

आणि रक्त तपासायला जायच्या आधीच एका दुपारी ते घडले. फलाटावर गाडी लागली होती. काकूंनी लाल बटण दाबले, गाडीचे नाव घेतले आणि फलाटाचा आकडा बघण्यासाठी उठायला गेल्या. पाय उठेनात. त्यांनी टेबलाला रेटा दिला, तर हातातही जोर नव्हता. माईक सुरूच होता. मग त्यांच्या त्याच स्वच्छ, संथ आवाजात स्थानकभर ऐकू आले, "कृपया लक्ष द्यावे. कोणीतरी वर या. माझे पाय उचलत नाहीयेत."

खालची सगळी गडबड क्षणभर थांबली. मग जिन्यावर बुटांचे आवाज आले. दोन कंडक्टरांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणले. कोणीतरी पर्सही बरोबर घेतली, म्हणून मीही हॉस्पिटलात पोहोचले.

आपले डॉक्टर दुपारनंतर त्याच हॉस्पिटलात पेशंट बघत. काकूंच्या छातीला तारा लावल्या होत्या आणि हातात सलाइन होते. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर काकांना म्हणाले, "यांचं पोटॅशियम फार खाली गेलंय. तो रक्तातला एक क्षार असतो. स्नायू आणि हृदय नीट चालायला तो लागतो. आणखी खाली गेलं असतं तर हृदय दगा देऊ शकलं असतं. मी दिलेल्या नव्या गोळीने ते थोडं उतरतं. पण इतकं? आणि एवढ्यात? मला हे कोडंच पडलंय."

काका पलंगाची कड धरून उभे होते. कामावरून तसेच धावत आले होते, त्यांच्या बोटांना काचेची पांढरी भुकटी लागलेली होती. तेवढ्यात काकू पुटपुटल्या, "घसा सुकलाय हो. पर्समधली माझी काडी द्या ना."

काका पर्स उघडून चाचपडू लागले.

"काडी कसली?" डॉक्टरांनी विचारले.

"ज्येष्ठमधाची. आवाजासाठी."

"कधीपासून घेताय?"

"घसा बसला होता ना, तेव्हापासून. दिवसभर असते तोंडात. आणि थर्मासमध्ये काढा असतो त्याचाच."

डॉक्टरांनी स्टूल ओढले आणि ते बसले. "काकू, मी विचारलं होतं तुम्हाला, दुसरं काही औषध घेता का म्हणून."

"हो, विचारलं होतं. पण हे औषध कुठंय? मूळ आहे ते. गोड लागतं."

डॉक्टरांनी मग सावकाश समजावून सांगितले. ज्येष्ठमध दिवसेंदिवस भरपूर पोटात गेला तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम बाहेर जाते. वरून पाणी काढणारी गोळी आली, तिनेही पोटॅशियमच बाहेर काढले. दोघांनी मिळून काकूंचे पाय लुळे केले.

"पण ती चांगली वस्तू आहे ना?" काका गोंधळून म्हणाले. "आवाज आला तिने. चांगल्या वस्तूने असं कसं होईल?"

"आवाज आला म्हणजे ती काम करते," डॉक्टर म्हणाले. "काम करते ती फक्त घशापुरतीच करेल असं नाही ना. माझ्या गोळीचंही तेच आहे."

काकांनी वैद्यबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. काय झाले ते ऐकून वैद्यबाईंनी आधी काकूंची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "मी थोड्या दिवसांचंच दिलं होतं, काकू. परत या म्हटलं होतं. आणि बीपी असलेल्या माणसाला मी ज्येष्ठमध देतच नाही. तुम्हाला कुठली गोळी चालू आहे का, हे विचारलं होतं मी."

"विचारलं होतं," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "मी 'नाही' म्हटलं. खोटं नाही हो बोलले. ती गोळी मला आठवलीच नाही. इतकी वर्षं घेते, दात घासल्यासारखी. तिला औषध म्हणायचं हे डोक्यातच येत नाही."

"मग चूक नेमकी कोणाची?" काकांनी विचारले. त्यांचा आवाज चढला होता, पण कोणावर चढवायचा हे त्यांना कळत नव्हते. त्यांनी डॉक्टरांकडे बघितले, फोनकडे बघितले आणि शेवटी पर्समधून डोकावणाऱ्या माझ्याकडे बघितले.

"मी औषधाचं विचारलं," डॉक्टर म्हणाले. "दिवसभरात तोंडात काय काय जातं, असं विचारायला हवं होतं."

"आणि मी 'नाही' एवढं उत्तर ऐकून पुढे गेले," फोनमधून वैद्यबाई म्हणाल्या. "एकदा दंडाला पट्टा बांधून बघायला काय हरकत होती?"

काकूंना एकदम रडू आले. "मला आता काहीच नको. ते मूळ नको आणि तुमच्या गोळ्याही नकोत. सगळं बंद."

"पहिली गोळी बंद करायची नाही," डॉक्टर आणि वैद्यबाई दोघे एकाच वेळी म्हणाले.

मी चकितच झाले. आता दोघांचे जोरदार भांडण होणार असे मी धरून चालले होते. पण ते तर एकमेकांना नीट विचारून घेऊ लागले. ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद. पाणी काढणारी गोळीही डॉक्टरांनी थांबवली. पोटॅशियम सलाइनमधून, मोजून मापून. जुनी पांढरी गोळी चालू. घशासाठी वैद्यबाईंनी कोमट पाण्याच्या गुळण्या आणि वाफ सुचवली, आणि बोलणे कमी करायला सांगितले. हे शेवटचे पथ्य काकूंना सर्वांत कठीण गेले.

थोड्या दिवसांत काकू चालत घरी आल्या. पण माझा आकडा काही लगेच उतरला नाही. मूळ बंद झाले होते, तरी मी वरच्याच पट्टीत. काका पुन्हा माझ्याकडे संशयाने बघू लागले आणि मी पुन्हा स्वतःवर शंका घेऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "त्याचा परिणाम अंगात बराच काळ रेंगाळतो. धीर धरा." आणि खरेच, आकडा जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा एकेक पायरी करत खाली आला. बदामाचे लुकलुकणे तर त्याआधीच थांबले होते.

काकू आता सकाळच्याच पाळीला माईकवर बसतात. दुपारी साहेबांनी त्यांचाच आवाज भरून ठेवलेले यंत्र लावले आहे. घरी जायला बसची वाट बघताना त्यांना तो ऐकू येतो आणि त्या काकांपाशी तक्रार करतात, "ती बाई फार घाईत बोलते." आणखी एक बदल झाला आहे. डॉक्टरांकडे जायचे असो की वैद्यबाईंकडे, काका एका कापडी पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, मलमे आणि भरलेला थर्माससुद्धा घालून नेतात आणि सगळे टेबलावर मांडतात. वैद्यबाई हसतात, पण प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघतात.

मित्रांनो, आता माझा पट्टा नीट चिकटत नाही आणि नळी कडक झाली आहे. अशी जुनी यंत्रे अधूनमधून डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून बघा आणि जपून वापरा, एवढी माझ्या जातीसाठी विनंती. पण खरी विनंती तुमच्यासाठी आहे. गोड मूळ कडू प्रसंग कसा आणते, एकच वस्तू आवाज देते आणि पाय कशी काढून घेते, याचा उलगडा मला अजूनही पुरता झालेला नाही. कदाचित तुम्ही मोठे होऊन तो कराल. तोवर घरात कोणी आजारी पडले तर गोळी असो, चूर्ण असो, काढा असो की नुसती चघळायची काडी, उपचार करणाऱ्या प्रत्येकाला सगळे सांगा. मनाने नवीन सुरू करू नका आणि मनाने जुने बंद करू नका. माझा पट्टा फक्त दंडापर्यंत पोहोचतो. पोटात काय गेले ते मला दिसत नाही, डॉक्टरांना दिसत नाही आणि वैद्यबाईंनाही दिसत नाही. ते फक्त तुम्हाला ठाऊक असते.